सामसो बेट: तेल सोडायचा दहा वर्षांचा आराखडा

सामसो हे डेन्मार्कचं ११४ चौरस किलोमीटरचं बेट. कॅटेगॅट समुद्रात आहे, लोकवस्ती चार हजारांच्या आसपास आणि तीही बावीस गावांत विखुरलेली. ट्रानेबेर्ग हे त्यातलं मोठं गाव. १९९७ साली इथली बहुतेक घरं तेलाच्या बॉयलरवर नाहीतर विजेच्या हीटरवर गरम व्हायची. तेल बोटीने यायचं. वीज समुद्राखालच्या केबलने यायची, आणि ती मुख्यतः कोळसा जाळून केलेली असायची. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडला आणि शंभराच्या आसपास माणसांचं काम गेलं.

त्या वर्षी डॅनिश सरकारने एक स्पर्धा घेतली. स्वेंड औकेन तेव्हा पर्यावरण आणि ऊर्जा खात्याचे मंत्री होते. एखाद्या बेटाने दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा अक्षय स्रोतांतून मिळवायची, आणि तीही बाजारात मिळणाऱ्या तंत्रज्ञानाच्या जोरावर, हे आव्हान होतं. चार बेटं आणि एक द्वीपकल्प यांनी अर्ज केले, निवड सामसोची झाली. बक्षिसाची रक्कम शून्य, करात खास सूट नाही. अर्ज मुख्य भूमीवरच्या एका अभियंत्याने पालिकेशी बोलून तयार केला होता. बहुतेक बेटवासीयांना असा अर्ज गेल्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या दहा वर्षांत आराखड्यातली काही कामं ठरल्याबरहुकूम झाली आणि काही जागची हललीही नाहीत. बेट तेच, माणसं तीच. म्हणून हे प्रकरण छोट्या वस्तीचा हवामान आराखडा करणाऱ्याला इतकं शिकवतं. आमच्या मते फरक पडला तो दोन गोष्टींनी: कामाची मालकी कोणाकडे होती, आणि काम व्हायला किती जणांचा होकार लागत होता.

तीन खाती

आराखड्यात ऊर्जेची तीन खाती वेगळी मांडली गेली: वीज, उष्णता आणि वाहतूक. हे दिसायला सोपं आहे, पण छोट्या वस्तीत इथेच पहिली चूक होते. विजेचा आकडा मीटरवरून मिळतो, म्हणून सगळी चर्चा विजेभोवती फिरते. उष्णतेचा आकडा तेल विकणाऱ्यांकडून गोळा करावा लागतो. घरोघरी टाकीत किती तेल भरलं, बॉयलर किती जुना आहे, घर कोणत्या काळातलं आहे, हे सगळं विचारावं लागतं. वाहतुकीचा आकडा त्याहून अवघड. मुख्य भूमीवर जाणाऱ्या बोटीचं इंधन कोणाच्या खात्यावर? सामसोने ते स्वतःच्या खात्यावर धरलं. बोटी खूप इंधन खातात, त्यामुळे वाहतुकीचं खातं एकदम फुगलं. पण हा निर्णय प्रामाणिक होता. बोट वगळली असती तर बेटाचा हिशोब कागदावर फार लवकर जुळला असता.

काम चालवायला दोन संस्था उभ्या राहिल्या. एक ऊर्जा आणि पर्यावरण कार्यालय, लोकांच्या प्रश्नांसाठी. दुसरी ऊर्जा कंपनी, प्रकल्पांसाठी; तिच्यात पालिका, व्यापाऱ्यांचं मंडळ, शेतकरी संघटना आणि ते कार्यालय यांचे प्रतिनिधी बसायचे. या कामाचे पहिले कर्मचारी सोरेन हर्मनसन. ते बेटावरच्याच शेतकरी घरातले, पर्यावरणाचे शिक्षक. सभेला ते कॉफी आणि बिअर ठेवायचे. सुरुवातीची बरीच वर्षं याच कामात गेली: गावातल्या सभा, स्वयंपाकघरात बसून बोलणं, मग पुन्हा सभा. आराखड्याच्या वेळापत्रकात या वर्षांसाठी ओळ नसते. ती नसली की पहिल्या दोन वर्षांत 'काहीच होत नाही' अशी ओरड सुरू होते आणि घाईने चुकीचं काम हाती घेतलं जातं.

जमिनीवरची अकरा टर्बाइन

विजेचं खातं सर्वांत सरळ होतं. १ मेगावॉटचं टर्बाइन, म्हणजे वीज करणारी पवनचक्की, वर्षातले ८,७६० तास उभं असतं, पण वारा कधी कमी, कधी जास्त. अशा जागी वर्षभराची वीज साधारण २,४०० तास पूर्ण क्षमतेने चालल्याइतकी भरते असं धरलं, तर ११ टर्बाइनांची मिळून २ कोटी ६४ लाख युनिट होते. बेटाची वर्षाची गरजही याच घरातली. म्हणून संख्या अकरा.

२००० साली ही टर्बाइन उभी राहिली, तीन गटांत. गट करण्यामागे कारण होतं. एकेक टर्बाइन इकडेतिकडे विखुरलं तर सगळं बेट टर्बाइनांनी भरल्यासारखं दिसतं, आणि प्रत्येक जागेला वेगळी केबल, वेगळा रस्ता, वेगळा शेजारी. डेन्मार्कच्या नियमाप्रमाणे टर्बाइनच्या एकूण उंचीच्या किमान चौपट अंतरात राहतं घर नको. एवढ्या लहान बेटावर या एका अटीनेच नकाशातल्या बऱ्याच जागा बाद होतात. तेव्हा आधी नकाशावर सगळ्या घरांभोवती तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढायची आणि उरलेल्या जागांवरच सभा घ्यायची. क्रम उलटा झाला तर लोक एका जागेवरून भांडत बसतात आणि ती जागा शेवटी नियमातच बसत नाही.

अकरांपैकी नऊ टर्बाइन शेतकऱ्यांनी घेतली आणि दोन सहकारी पद्धतीने लोकांनी मिळून घेतली. सहकारी टर्बाइनमध्ये एक वाटा म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज, ही डेन्मार्कमधली रूढ पद्धत आहे. तिच्यामुळे माणसाला आपल्या वाट्याचा अर्थ लगेच कळतो: माझं घर ४,००० युनिट खातं, तर चार वाटे. जमिनीवरच्या टर्बाइनांत वाटा असलेले बेटवासी साडेचारशेच्या आसपास. ज्यांच्याकडे जमीन नाही, मोठं कर्ज काढायची ऐपत नाही, त्यांनाही यात जागा होती.

बँकेने कर्ज दिलं, कारण सरकारने विजेला दहा वर्षांचा ठरावीक दर दिला होता. हा मुद्दा कधीही गाळू नये. सामसोच्या लोकांची एकजूट खरी आणि कौतुकाची आहे, पण ठरावीक दर नसता तर ती एकजूट बँकेच्या टेबलापाशीच थांबली असती. छोट्या गावाला राष्ट्रीय धोरण बदलता येत नाही. ते धोरण किती वर्षं टिकेल, याचा अंदाज मात्र आराखड्यात लिहून ठेवता येतो. २००१ च्या अखेरीस डेन्मार्कमध्ये सरकार बदललं आणि अक्षय ऊर्जेची अनुदानं आटली. टर्बाइन तोवर उभी होती. घरांच्या दुरुस्तीचं काम तसं उभं नव्हतं.

गव्हाचं काड आणि गरम पाणी

उष्णतेचं खातं या प्रकरणाचा गाभा आहे. उपाय होता सामाईक बॉयलरचा: गावाच्या कडेला एक मोठा बॉयलर, जमिनीखालून जाणारे आवरणबंद पाइप, आणि प्रत्येक घरात उष्णता उतरवून घेणारी छोटी पेटी. घरातला तेलाचा बॉयलर आणि टाकी काढून टाकायची. ट्रानेबेर्गमध्ये काडावर चालणारी अशी योजना १९९३ पासून होती, त्यामुळे लोकांना ती दाखवता येत होती. नंतर आणखी तीन झाल्या. नॉर्डबी आणि मॉरुप या गावांसाठी लाकडी चिपांचा ९०० किलोवॉटचा बॉयलर आणि २,५०० चौरस मीटर सौर संग्राहक, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारे पत्रे. ओन्सबियर्गमध्ये काडाचा ८०० किलोवॉटचा बॉयलर. बालेन आणि ब्रुंडबी मिळून काडाचाच १.६ मेगावॉटचा.

मालकी सगळीकडे एकसारखी नव्हती. ट्रानेबेर्ग आणि नॉर्डबी-मॉरुप वीज कंपनीच्या, ओन्सबियर्ग एका स्थानिक व्यावसायिकाची, बालेन-ब्रुंडबी थेट ग्राहकांची. एकच नमुना सगळीकडे लादला नाही, हा आराखड्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. वीज कंपनीला जिथे योजना परवडत नव्हती, तिथे लोकांनी ती स्वतः केली, कारण त्यांना नफा नको होता, फक्त घर गरम व्हायला हवं होतं.

आता अडचण कुठे येते ते आकड्यांनी पाहू. पाइपातून उष्णता गळतेच. दर मीटरला सतत १२ वॅट गळती धरू. घरामागे ३० मीटर पाइप लागत असेल तर ३६० वॅट, वर्षाचे सुमारे ३,१५० युनिट. घराची गरज १६,००० युनिट धरली तर बॉयलरने दिलेल्या उष्णतेपैकी १६ ते १७ टक्के जमिनीत जाते. हे चालतं. पण त्याच रस्त्यावरच्या निम्म्याच घरांनी जोडणी घेतली तर? पाइप तेवढाच, घरं निम्मी. घरामागे ६० मीटर. गळती ६,३०० युनिट, म्हणजे २८ टक्के. शिवाय चर खणायचा खर्चही निम्म्या घरांवर. जे सामील झाले त्यांचा दर वाढतो, दर वाढला की काठावरचे मागे फिरतात, आणि योजना कागदावरच मरते.

म्हणून जोडणीच्या सह्या आधी, खोदकाम मागाहून. कामाआधी सही करणाऱ्याला जोडणी नाममात्र रकमेत, नंतर येणाऱ्याला पूर्ण खर्च. दारोदार फिरून सह्या गोळा करणारी माणसं गावातलीच होती. आराखड्यात याहून जास्त गावांसाठी अशा योजना होत्या. त्या झाल्या नाहीत, कारण पुरेशी घरं पुढे आली नाहीत. विरळ वस्तीत हे व्हायचंच. तिथे हट्ट धरून पाइप टाकला नाही हे बरंच झालं.

इंधनाचं गणितही हाताशी असावं. साधारण १५ टक्के ओलाव्याच्या एक किलो काडात ४ युनिट उष्णता असते. ५०० किलोच्या एका मोठ्या चौकोनी गठ्ठ्यात २,००० युनिट, म्हणजे जवळपास २०० लिटर तेलाइतकी. घराचे १६,००० युनिट, त्यात पाइपातली गळती, वर बॉयलरची ८८ टक्के कार्यक्षमता, हे सगळं धरलं तर एका घराला वर्षाला सुमारे ११ गठ्ठे लागतात. २४० घरांच्या गावाला २,६०० गठ्ठे, १,३०० टन. हेक्टरी तीन-साडेतीन टन काड मिळत असेल तर जवळपास ४०० हेक्टर गहू. हा हिशोब शेतकऱ्यापुढे मांडला की तो लगेच विचारतो, 'आणि ओल्या वर्षी?'

प्रश्न अगदी बरोबर आहे. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की गठ्ठा आतून कुजायला लागतो, बॉयलरमध्ये धड जळत नाही आणि धूर वाढतो. म्हणून गठ्ठा उतरवून घेताना दोन सळ्यांचं ओलावामापक त्यात खुपसतात, एका जागी नाही, तीन-चार जागी. कारण कडा कोरड्या आणि पोट ओलं असतं. दर ठरतो तो वजन आणि ओलावा दोन्ही पाहून. साठवण छपराखालीच हवी. पावसाची दुसरी बाजूही आहे. कापणीनंतर एखादा पाऊस खाऊन मग वाळलेलं काड करडं दिसतं आणि त्यातलं क्लोरीन अन् पोटॅश धुऊन गेलेलं असतं. पिवळंधमक, नवंकोरं काड डोळ्यांना छान दिसतं, पण त्यातलं क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातं, आणि पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळून बॉयलरमधल्या जळणाच्या जाळीवर काचेसारखा थर धरते. तो थर फोडायला बॉयलर थंड करावा लागतो, आणि तशी वेळ बहुधा ऐन थंडीतच येते, कारण तेव्हाच आग पूर्ण जोरात असते. उपाय म्हणजे पाण्याने थंड राखलेली जाळी, आवरलेलं तापमान आणि जमेल तेव्हा करडं काड.

राख काडाच्या चार-पाच टक्के निघते. तळाची राख पोटॅशचं खत म्हणून शेतात परत जाते. चिमणीच्या गाळणीत अडकलेली बारीक राख वेगळी ठेवावी लागते, तिच्यात कॅडमियम हा विषारी धातू साठतो. दोन्ही एकाच ढिगात टाकल्या तर शेतात जाऊ शकणारी राखही वाया जाते.

नॉर्डबीला सौर संग्राहक का, हेही इथेच कळतं. उन्हाळ्यात घरं गरम करावी लागत नाहीत, फक्त अंघोळीचं पाणी लागतं. एवढ्याशा कामासाठी घन इंधनाचा मोठा बॉयलर चालू ठेवला तर तो धुमसत राहतो, कार्यक्षमता कोसळते, चिमणीत काजळी धरते. संग्राहकांनी आणि पाण्याच्या मोठ्या टाकीने उन्हाळा सांभाळला की बॉयलर बंद ठेवून त्याची दुरुस्ती करता येते.

पाइपच्या बाहेर राहिलेल्या घरांना सौर संग्राहक, लाकडाचे बॉयलर, उष्णता पंप असे पर्याय दिले गेले. इथे बेटावरच्या प्लंबर-लोहारांना आधी प्रशिक्षण दिलं, ही फार मोलाची पायरी. ऐन थंडीत तेलाचा बॉयलर बंद पडला की घरमालक ऊर्जा कार्यालयात जात नाही, प्लंबरला बोलावतो. प्लंबरला जे बसवता येतं आणि जे त्याच्या गोदामात पडलेलं असतं, तेच पुढची पंधरा-वीस वर्षं त्या घरात राहतं.

समुद्रातली दहा टर्बाइन

वाहतुकीचं खातं मात्र सुटेना. त्या काळच्या विजेच्या मोटारी थोड्याच अंतरात थकायच्या आणि महाग होत्या. काही शेतकऱ्यांनी मोहरीच्या जातीच्या रेप बियांचं तेल काढून ट्रॅक्टर आणि गाड्या चालवल्या, पण तो सगळ्या बेटाचा उपाय नव्हता. बोटींना तर पर्यायच नव्हता.

मग ठरलं ते असं: वाहतूक जेवढी जीवाश्म ऊर्जा खाते, तेवढी वाऱ्याची वीज जास्तीची तयार करून मुख्य भूमीला द्यायची. बेटाच्या दक्षिणेला सुमारे साडेतीन किलोमीटरवर, पालुदान्स फ्लाक नावाच्या उथळ समुद्रात, २००२-०३ मध्ये प्रत्येकी २.३ मेगावॉटची दहा टर्बाइन उभी राहिली. समुद्रात वारा अधिक भरवशाचा. पूर्ण क्षमतेचे ३,४०० तास धरले तर वर्षाला ७ कोटी ८० लाख युनिट. खर्च सुमारे २५ कोटी क्रोनर (डेन्मार्कचं चलन). पाच टर्बाइन पालिकेने घेतली, तीन खासगी गुंतवणूकदारांनी, दोन लहान भागधारकांनी मिळून.

चार हजार वस्तीच्या पालिकेने एवढं कर्ज अंगावर घेणं ही धाडसाची गोष्ट होती. पण त्यामुळेच नंतरच्या ऊर्जा कामांसाठी पालिकेच्या हातात स्वतःचं उत्पन्न आलं.

या भरपाईबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'शंभर टक्के अक्षय' हा वार्षिक ताळेबंद आहे. वारा पडला की बेट केबलने वीज आणतं, वारा सुटला की बरीच पाठवतं. गाड्यांत पेट्रोल-डिझेल जळतच होतं. मुख्य भूमीवर तेवढा कोळसा वाचला, म्हणून वातावरणाच्या हिशोबाने हे खरं आहे. पण ज्या दिवशी मुख्य भूमीची वीजच स्वच्छ होते, त्या दिवशी भरपाईचं मोल घटतं आणि डिझेल जिथल्या तिथे असतं. आराखड्यात 'कमी केलं' आणि 'भरपाई केली' हे दोन स्तंभ कधीही एकत्र मिळवू नयेत.

जे झालं नाही

दहा वर्षांत एकूण गुंतवणूक ४२.५ कोटी क्रोनरच्या आसपास झाली, म्हणजे माणशी लाखभर क्रोनर. तरीही घरांची उष्णतेची गरज कमी करायचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. भिंती आणि छताला आवरण, दुहेरी काचेच्या खिडक्या, दारांच्या फटी बुजवणं, यातलं कुठलंही तंत्र अवघड नाही. निवृत्त लोकांच्या घरांसाठी काही काळ सरकारी अनुदान मिळालं तेव्हा कामं झाली, ते थांबलं तशी कामंही मंदावली.

कारण असं. अकरा टर्बाइनांना मूठभर मालकांचे ठाम निर्णय पुरतात. सामाईक बॉयलरला गावातल्या ठरावीक घरांच्या एकदाच सह्या. घरांच्या दुरुस्तीला मात्र दर घरात वेगळा निर्णय, वेगळा गवंडी, वेगळं मोजमाप, आणि आधी घरातला पसारा उचलायचा. त्यात सामाईक बॉयलरचा एक विचित्र परिणाम असतो. पाइपचा आणि बॉयलरचा खर्च ठरलेला, तो सगळ्यांत वाटलेला. एखाद्याने घराची गरज निम्मी केली तरी त्याचं बिल निम्मं होत नाही, कारण स्थिर आकार तसाच. दराची रचना करतानाच स्थिर भाग लहान ठेवला नाही, तर बचत करणाऱ्याला आपणच मागे ओढतो. आणि क्रम महत्त्वाचा: आधी घरं दुरुस्त, मग बॉयलरचं माप. उलट केलं तर बॉयलर मोठा बसतो आणि पुढे वर्षानुवर्षं कमी भारावर धुमसतो.

वाहतुकीतही मोटारींचं चित्र पहिल्या दहा वर्षांत बदललं नाही. बोटीचा प्रश्न मात्र पालिकेने पुढे हातात घेतला. 'प्रिन्सेसे इसाबेला' ही द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी नवी बोट २०१५ मध्ये सुरू झाली. पुढे तिला बेटावरच तयार केलेला बायोगॅस द्यायचा बेत होता. नैसर्गिक वायू हेही जीवाश्म इंधनच, त्यामुळे बायोगॅस संयंत्र लांबलं तेवढा काळ ही बोट अर्ध्या वाटेवरच राहिली. इंधन बदलायच्या कामात यंत्र आधी आणि इंधन नंतर असा क्रम धोक्याचा असतो, हे इथे उघड दिसतं. बेटाचं पुढचं उद्दिष्ट २०३० पर्यंत जीवाश्म इंधन पूर्ण सोडायचं आहे, म्हणजे भरपाईचा आधार न घेता.

आता जमिनीवरची टर्बाइन म्हातारी झाली आहेत. त्या पिढीच्या टर्बाइनचं आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचं. ठरावीक दराची दहा वर्षंही केव्हाच सरली, आणि वीज बाजारभावाने जाते. नवी टर्बाइन मोठी आणि उंच असतात, म्हणजे चौपट अंतराचं वर्तुळही मोठं. जुन्या जागांपैकी काही त्यामुळे बाद होतात. कमी टर्बाइनांत तेवढीच वीज मिळते, पण नऊ शेतकऱ्यांच्या जागी तीन-चारच मालक उरू शकतात. वर्तुळाच्या कडेवर राहणाऱ्या, २००० नंतर घर घेतलेल्या माणसाने कुठल्याच सभेत कॉफी प्यायलेली नसते. जुन्या टर्बाइनचा पाया उकरायचा खर्च कोणाच्या खात्यात, सहकारी वाट्यांची उरलेली किंमत कशी काढायची, नव्या यंत्रात पहिल्या वाटेकऱ्यांना आधी संधी द्यायची का, हे प्रश्न पहिल्या करारातच लिहून ठेवायचे असतात. वाट्याच्या कागदावर 'वर्षाला १,००० युनिट' याच्या खाली यंत्र उतरवण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम, अशी एक ओळ घातली की ते काम होतं.